माळावरची कंदीलफुले

(मंडळाच्या वर्धापनदिनी रामदासपेठेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या वक्त्याने मंडळाच्या कार्याची स्तुती करावी, चार बोधाच्या गोष्टी सांगाव्या आणि चहा थंड होण्यापूर्वी खाली बसावे, असा शिरस्ता आहे. स्तुती चिटणीसबाईंच्या अहवालात यथास्थित झालेलीच आहे. बोध करण्याचा अधिकार मला नाही. म्हणून मी आज एका रानफुलाची हकिकत सांगणार आहे, आणि शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवणार आहे.

ती विनंती आताच सांगून टाकते, म्हणजे ऐकताना कोणाला चुकामूक वाटणार नाही. यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत शहराबाहेरच्या एका मोकळ्या माळावर झाडे लावण्याचा संकल्प आहे. माझे म्हणणे असे की, तो संकल्प एक वर्ष पुढे न्यावा, आणि त्या वर्षात त्या माळावर आज काय उगवते याची आपण स्वतः जाऊन नोंद करावी.

झाडे लावू नका म्हणणारी बाई आज प्रथमच पाहिली, असे काही जणींच्या मनात आले असेल. झाडांशी माझे काही वैर नाही. आपल्या रामदासपेठेत बंगल्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या तेव्हा आंबा, कडुनिंब, बकुळ किती गेले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ती झाडे पुन्हा लागलीच पाहिजेत, आणि ती येथेच, आपल्या रस्त्यांवर आणि आवारांत लागली पाहिजेत. प्रश्न आहे तो गावाबाहेरच्या माळाचा. माळ म्हणजे झाडे नसलेली, रिकामी, कोणाच्या उपयोगाची नसलेली जागा, असे आपण धरून चालतो. सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढे ‘पोटखराब’ किंवा ‘पडीक’ असे लिहिलेले असते. सरकारने २००० साली देशातील पडीक जमिनींचे नकाशे छापले, त्यांतही कितीतरी गवताळ माळ पडीक म्हणूनच दाखविलेले आहेत. शब्द एकदा चिकटला की पुढचे सर्व त्याच्या मागून येते. पडीक आहे ना, मग नांगरा. पडीक आहे ना, मग प्लॉट पाडा. आणि मन चांगले असेल तर, पडीक आहे ना, मग झाडे लावा!

आता त्या पडीक जमिनीत काय असते ते पाहू.

आपल्या महाराष्ट्रात ‘खर्चुडी’ नावाची एक वनस्पती आहे. तिच्या फुलाच्या आकारावरून तिला कंदीलपुष्पही म्हणतात. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात हे नाव दिले, आणि त्याचा अर्थ होतो मेणाचे कारंजे. त्याच्यापुढे मलबारातील वनस्पतींवरच्या जुन्या डच ग्रंथातले चित्र होते. त्या चित्रातली फुले त्याला मेणबत्त्यांच्या झुंबरासारखी दिसली असावीत. आपल्या लोकांना तोच आकार कंदिलासारखा दिसला. माझ्या मते आपले नाव अधिक नेमके आहे. खाली फुगीर बूड, वर निमुळती नळी, आणि नळीच्या तोंडाशी पाच पाकळ्या. त्या टोकाशी एकमेकींना जुळून पिंजरा तयार करतात. आकाशकंदील लहान करून गवतात टांगावा, तसे ते फूल दिसते.

या खर्चुडीच्या भारतात पन्नासाहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कोठेही नाहीत. सह्याद्रीवर तर एकेका डोंगराची वेगळी जात आहे. त्यांच्या नावांतच आपला मुलूख दिसतो. एकीचे नाव पांचगणीवरून पडले, एकीचे सह्याद्रीवरून. जुन्नरच्या डोंगरांत मिळालेल्या एका जातीला १९७१ साली पुण्याचे वनस्पतिशास्त्राचे नामांकित प्राध्यापक त्र्यं. शं. महाबळे यांचे नाव देण्यात आले. तिची पाने गवतासारखी अरुंद असतात. फूल नसताना ती गवतातून वेगळी काढून दाखविणे अनुभवी माणसालाही सोपे नाही. आणखी एक जात इंग्रजी अमदानीत लॉ नावाच्या अधिकाऱ्याला मिळाली व त्याच्याच नावाने ओळखली गेली. पुढे पुष्कळ वर्षे ती कोणाला आढळली नव्हती. शेवटी हरिश्चंद्रगडावर ती पुन्हा सापडली.

हे फूल गंमतीचे आहे. त्याला मधमाशी नको, फुलपाखरू नको. लागते ती बारीक चिलटासारखी माशी. वासाला भुलून माशी नळीत शिरते. आत केस असतात, त्यांची टोके खाली वळलेली. त्यामुळे खाली घसरणे सोपे, वर येणे अशक्य. माशी बुडाशी अडकून राहते. तेथे धडपडताना परागांच्या बारीक थैल्या तिला चिकटतात. मग फूल कोमेजू लागते, केस सुकतात, वाट मोकळी होते आणि माशी सुटते. ती पुन्हा दुसऱ्या कंदिलात शिरली तर परागण होते. पाहुणा आत घ्यावयाचा, काम होईपर्यंत बसवून ठेवावयाचा आणि मग सन्मानाने सोडावयाचा, ही युक्ती आपल्याही ओळखीची आहे! दक्षिण आफ्रिकेतील एका खर्चुडीवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर असे दिसून आले की, जखमी मधमाशीच्या अंगाला येतो तसाच वास ते फूल सोडते. मेलेल्या-अर्धमेल्या मधमाश्यांवर जगणाऱ्या माश्या त्या वासाने धावून येतात आणि फसतात.

आता यात धोका कोठे आहे ते पाहा. माशी एका फुलातून सुटून दुसऱ्या फुलात जावी लागते. दुसरे फूल जवळपास नसेल तर पहिल्याचा सर्व खटाटोप फुकट जातो. म्हणजे झाडे विरळ झाली की फळ धरणे आणखी कमी होते, आणि फळ कमी धरले की झाडे आणखी विरळ होतात. शिवाय खर्चुडीला जमिनीत कंद असतो, आणि तो खाण्याजोगा असतो. गुराखी पोरे तो उकरून खातात, रानडुकरे आणि साळिंदरही सोडत नाहीत. पोरांनी वर्षाकाठी चार कंद खाल्ल्याने जात बुडत नाही. तसे ते पिढ्यान्‌पिढ्या चालतच आले. परंतु माळच आक्रसत गेला, दगडाच्या खाणी निघाल्या, रस्ते फुटले, आणि उरलेल्या हातभर जागेत शेवटचे चार कंद राहिले, तर मग ते चारसुद्धा पुष्कळ होतात.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्राध्यापक श्री. रं. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या कामी मोठी मेहनत घेतली. सह्याद्रीतल्या दुर्मिळ खर्चुड्या विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात आणून वाढविल्या, बियांपासून आणि प्रयोगशाळेत ऊतींपासून रोपे केली, आणि काही रोपे पुन्हा डोंगरावर नेऊन लावली. अशी बाग म्हणजे बँकेतली ठेव आहे. घरातले सर्व गेले तरी ती हाताशी राहते. परंतु ठेवीवर संसार चालत नाही. फुलाला त्याची माशी, त्याचे गवत, त्याचा खडक आणि त्याचा वारा हवा असतो, आणि हे सर्व कुंडीत मिळत नाही. म्हणून खरे राखणे माळावरच व्हावयास पाहिजे.

माळावर राखावयाचे म्हणजे काय, याचा धडा साताऱ्याजवळच्या कास पठाराने आपल्याला दिला आहे. आपल्यापैकी काही जणी तेथे सहलीस जाऊन आल्याच असतील. साताऱ्याहून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर हे जांभ्या खडकाचे पठार आहे. खडकावर माती जेमतेम बोटभर, काही ठिकाणी तीही नाही. उन्हाळ्यात पाहाल तर भाजलेल्या तव्यासारखे. पाऊस झाला की त्याच तव्यावर तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे यांचे ताटवे उठतात. दर सात वर्षांनी टोपली कारवी फुलते. वायतुरा नावाची पाणवनस्पती तेथे आहे, तिचे शास्त्रीय नावच साताऱ्यावरून पडलेले आहे. आपली कंदीलवाली खर्चुडीही तेथे आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत महाराष्ट्रातील चार स्थळे होती, आणि कास त्यांपैकी एक.

मान मिळाला आणि लोक लोटले. गाड्यांची रांग लागली. फुलांत लोळून छायाचित्रे काढून घेणारे आले. वनखात्याने आणि पठारालगतच्या गावांच्या समित्यांनी बंदोबस्त केला. प्रवेशशुल्क ठेवले, दिवसाला किती लोक यावेत याची मर्यादा घातली आणि पठाराभोवती जाळीचे कुंपण घातले. फूल तुडविले जात होते, ते थांबावे हा हेतू चांगलाच होता.

पण कुंपण माणूस आणि म्हैस असा भेद करीत नाही. पूर्वी त्या पठारावर आसपासच्या गावांची गुरे चरत असत. ती आत येईनाशी झाली. गुरे नाहीत, म्हणून गवत माजले. उंच गवताच्या सावलीत वीतभर उंचीच्या झाडांना ऊन मिळेना. काही वर्षांनी गावकरीच म्हणू लागले की, पूर्वीसारखी फुले दिसत नाहीत. अभ्यासकांनीही सांगितले की, गुरांचे चरणे आणि गवताची कापणी या गोष्टी त्या फुलांच्या संसाराचाच भाग होत्या. त्या एकाएकी बंद करणे बरे नव्हे. शेवटी या दशकाच्या सुरुवातीला ते कुंपण काढण्याचा निर्णय झाला.

या प्रकरणी कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. गर्दीला आळा घालणे आवश्यकच होते. मला त्यातून दोन गोष्टी दिसतात. एक, रानफुलाला राखणे आणि त्याला कोंडणे यांत अंतर आहे. दुसरी, फुले कमी झाली हे पहिल्यांदा कळले ते दरवर्षी पाहणाऱ्या माणसांना. एकदाच आलेल्या प्रवाशाला पठार सुंदरच दिसले असेल. त्याला मागच्या वर्षाचे काय ठाऊक?

ही अडचण आपल्याच देशाची आहे असेही नाही. युरोपच्या पूर्वेस रुमानिया, सर्बिया, युक्रेन या देशांत मोठमोठे गवताळ माळ आहेत. त्यांना ‘स्टेप’ म्हणतात. तेथे पिओनी नावाचे रानफूल होते. पाने शेपूच्या भाजीसारखी बारीक आणि वर भरघोस लालभडक फूल. सर्बियन लोकांत अशी समजूत आहे की, १३८९ साली कोसोव्होच्या मैदानावर जे वीर पडले त्यांच्या रक्तातून तेथली लाल पिओनी उगवली. पण लोकगीतांत अमर झालेले फूल नांगरापुढे टिकत नाही. गव्हासाठी माळ नांगरले गेले आणि शेपूच्या पानांची ही पिओनी लहानलहान तुकड्यांत उरली. रुमानियात झाउ दे कम्पिए नावाच्या गावाजवळ तिच्यासाठी राखीव माळ ठेवला आहे. तेथल्या अभ्यासकांपुढेही कासचाच प्रश्न उभा राहतो. नांगर थांबला हे ठीक. पण चराई आणि कापणीही अजिबात थांबली तर काटेरी झुडपे शिरतात आणि फूल त्यांच्याखाली गुदमरते. म्हणून ते दरवर्षी त्याच जागी जाऊन झाडे मोजतात, आणि मोजणी पाहून कापणी केव्हा व किती करावयाची ते ठरवितात. पिओनीचा एक सोयरा आपल्या हिमालयातही आहे, कुमाऊँपासून काश्मीरपर्यंत. त्याचे मूळ औषधासाठी खणतात. म्हणजे मुळावर कुदळ ही दोन्हीकडची कथा एकच.

आता कोणी म्हणेल, बाई, कास साताऱ्याला आणि पिओनी रुमानियाला; आपल्या नागपूरचा यात संबंध काय?

आपले नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या अगदी पूर्वेच्या काठावर वसलेले आहे. सेमिनरी हिलवर जो काळा खडक दिसतो तोच सह्याद्रीपर्यंत गेलेला आहे. शहराच्या पश्चिमेस व उत्तरेस जे बोडके माळ आणि टेकड्या दिसतात, त्या त्याच खडकाच्या. तेथे पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते होतात. तिखाडी चुरगळली तर तिचा वास दिवसभर हाताला राहतो. पावसाळ्यात त्याच माळांवर आणि रानाच्या कडेला कळलावी फुलते, तिच्या पाकळ्या पेटलेल्या ज्योतीसारख्या. मुसळीची पांढरी फुले येतात. या दोघींचीही जमिनीखालची मुळे व कंद औषधासाठी खणले जातात. सफेद मुसळीला बाजारात भाव आला तेव्हा रानातल्या मुसळीवर किती कुदळी पडल्या, हे विदर्भाला सांगावयास नको. आणि खर्चुडीची एक जात, बल्बोझा, सह्याद्रीपुरती नाही. भारताच्या कोरड्या भागांत ती दूरवर पसरलेली आहे. आपण झाडे लावू म्हणतो त्या माळावर यांपैकी काय आहे आणि काय नाही, हे पावसाळ्यात तेथे गेल्यावाचून सांगता येणार नाही. उन्हाळ्यात गेलो तर कुसळांशिवाय काही दिसणार नाही, कारण हे सर्व तेव्हा जमिनीखाली निजलेले असते.

अशा निजलेल्या माळावर आपण मार्च-एप्रिलमध्ये ओळीने खड्डे खणतो. नेमका कंद जेथे असेल तेथे खड्डा पडला तर तो त्याच दिवशी गेला. जो वाचला, त्याच्यावर पाचसहा वर्षांनी दाट सावली येते. त्यातही गिरिपुष्प, सुबाभूळ अशी झपाट्याने वाढणारी परदेशी झाडे लावली की विचारावयासच नको. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाच्या सलग लागवडीबद्दल हीच तक्रार आहे. आपण हिरवाई वाढविली म्हणून समाधानाने घरी येतो, आणि ज्याचे त्या माळावर हजारो वर्षांचे घर होते, त्याला आपण बाहेर काढले याची दादही लागत नाही.

माळ राखता येतो आणि त्यावर पोटही चालते, याचे उदाहरण विदर्भातच आहे. अकोला-वाशीम भागात तणमोर नावाचा दुर्मिळ पक्षी पावसाळ्यात गवतात अंडी घालतो. पूर्वी शिकारीवर जगणाऱ्या फासेपारधी समाजातील काही कुटुंबांनी तेथले गवताळ माळ राखण्याचे मनावर घेतले. कोठे चारावयाचे, केव्हा कापावयाचे, वणवा कसा आवरावयाचा, याचे नियम त्यांनी स्वतः घातले. गवत वाढले, चारा मिळाला, आणि तणमोरालाही थारा राहिला. ज्यांच्या हाती फासे होते त्यांनी हे केले. आपल्या हाती तर लेखणी आहे.

म्हणून आता विनंतीकडे येते. आपण करावयाचे काम फार अवघड नाही. तांदूळ निवडण्याइतकी नजर आणि भिशीचा हिशेब ठेवण्याइतकी चिकाटी असली म्हणजे झाले. जुलै ते ऑक्टोबर, महिन्यातून एक दिवस, चौघी-चौघींच्या तुकड्या कराव्या. माळावर आठदहा जागा ठरवाव्या आणि प्रत्येक ठिकाणी एक मीटर लांबरुंद चौकट दोरीने आखावी. कोपऱ्याला दगड रचून खूण ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी तीच जागा सापडेल. चौकटीत काय काय उगवले ते वहीत लिहावे. नाव येत नसेल तर फुलाशेजारी पट्टी ठेवून फोनने छायाचित्र काढावे; नाव सांगणारे महाविद्यालयात भेटतील. झाड उपटून मात्र आणू नये. तसेच कोणत्याही कंदाच्या झाडाचे चार रकाने करावे: नुसती पाने असलेली किती, फुलावर किती, फळ धरलेली किती, आणि इवली रोपे किती.

या चौथ्या रकान्याकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे. एखाद्या गावात म्हातारी माणसे पुष्कळ आहेत, घरे नांदती दिसतात, पण एकाही घरी पाळणा नाही, तर त्या गावाचे पुढे काय होणार ते आपण जाणतो. झाडांचेही तसेच. फुले भरपूर दिसत असतील, पण नवे रोप एकही नसेल, तर ती जात मावळू लागली असे समजावे. आणि एक सावधगिरी. कंद एखादे वर्ष वर येतच नाही, जमिनीतच विश्रांती घेतो. म्हणून एका वर्षी दिसले नाही तर गेले म्हणून रडू नये, आणि एका वर्षी पुष्कळ दिसले तर आनंदाने नाचूही नये. दोनचार वर्षांच्या वह्या शेजारी ठेवल्यावरच खरे काय ते कळते.

वही कोणासाठी, असे कोणी विचारील. २००२ साली आपल्या देशात जैवविविधतेचा कायदा झाला. त्यात प्रत्येक ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने, महानगरपालिकेने आपल्या हद्दीतल्या वनस्पती, प्राणी आणि त्यांच्याविषयीचे लोकांचे ज्ञान यांची नोंदवही करावी असे ठरले. ही कल्पना रुजविण्यासाठी माधव गाडगीळ यांनी पुष्कळ खटपट केली. ती वही ‘लोक जैवविविधता नोंदवही’, आणि तिच्या नावातला पहिला शब्द ‘लोक’ हा आहे. अधिकाऱ्याने कार्यालयात बसून भरावयाची ती वही नव्हे. २०१२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालयही कोठे दूर नाही, आपल्या नागपुरातच आहे. आपली वही भरली की रीतसर नेऊन देता येईल.

एक गोष्ट वहीत लिहावी, पण बाहेर सांगू नये. दुर्मिळ कंद कोणत्या दगडाशेजारी आहे, याचा बोभाटा करू नये. छायाचित्र मैत्रिणींना जरूर पाठवावे. ठिकाण पाठवू नये. दागिन्याचे कौतुक करून घ्यावे, पण कपाटाची किल्ली दाखवू नये.

आणखी एक. माळावर गवारी भेटेल, गवत कापणाऱ्या बाया भेटतील. त्यांना हाकलण्यासाठी आपण तेथे जात नाही. कोणती भाजी कोठे उगवते, गवत पूर्वी केव्हा कापीत, गुरे कोठे चरत, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. त्यांना आधी विचारावे, त्यांचे म्हणणे त्यांच्या नावाने वहीत लिहावे. मागता आले तर एवढेच मागावे की, फळे पिकून उकलेपर्यंत त्या चौकटींतले गवत राहू द्यावे, मग खुशाल कापावे. खर्चुडीची फळे शिंगांसारखी जोडीने येतात. ती उकलली की बियांना रेशमी केसांचे झुपके असतात आणि वाऱ्यावर त्या उडून जातात. त्या उडाल्या की तिचे वर्षाचे काम संपले. त्यानंतर विळा चालला तरी तिचे काही बिघडत नाही, उलट पुढच्या वर्षी ऊनच मिळते. पाने खुडली तर मुसळीलाही पुन्हा पाने फुटतात. मूळ खणले तर काहीच फुटत नाही. पाला घ्यावा, कंद ठेवावा, हे आपल्या रानभाजी खुडणाऱ्या बायांना कोणत्याही पुस्तकाने शिकविलेले नाही.

वर्ष संपले म्हणजे आपण पुन्हा येथे बसू आणि वही उघडू. त्या माळावर खरोखरच काही नाही, नुसता उकरलेला मुरूम आणि काँग्रेस गवत आहे, असे निघाले, तर आपण त्याच दिवशी झाडे लावावयास निघू, आणि पहिला खड्डा खणावयास मी येईन. तेव्हाही झाडे आपल्याकडचीच लावू. आणि वहीत चौथा रकाना भरलेला निघाला, तर मग ती जागा तशीच ठेवून आपली रोपे रामदासपेठेतल्या रस्त्यांना द्यावी. दोन्हीपैकी काहीही झाले तरी मंडळाचा संकल्प मोडला असे होणार नाही.

मागितलेला वेळ पुष्कळ नाही, फक्त एका पावसाळ्याचा आहे. रोपवाटिकेतले रोप एक वर्ष थांबू शकते. ते थोडे मोठे होईल इतकेच. खड्ड्यात गेलेला कंद परत आणता येत नाही. या सूचनेस कोणा भगिनीचे अनुमोदन असेल तर तिने आताच सांगावे, म्हणजे चिटणीसबाईंना इतिवृत्तात नोंद करता येईल. नावे देणाऱ्यांसाठी वही दाराशी ठेवली आहे. पहिली तुकडी जुलैच्या दुसऱ्या रविवारी निघेल. पायात बूट घालावे, टोपी आणि पाणी बरोबर घ्यावे, आणि पट्टी विसरू नये.